साकव घालायचा तर आधी काठ बघा

साकव, म्हणजे व्हाळावरचा, ओढ्यावरचा छोटा पायपूल, घालायचा ठरला की वाडीत पहिली चर्चा माडाची होते. कुणाच्या परड्यातला माड म्हातारा झालाय, कुणाचा वादळात कलंडलाय, कोण फुकट देईल आणि कोण उरलेल्या नारळांचा हिशेब मांडेल. "काकी, खयचो माड तोडूचो?" म्हणत पोरं पडवीत येतात, तेव्हा मी त्यांच्या हातात टेप आणि लेव्हल पाइप देते नि व्हाळावर पिटाळते. माडाचं नंतर बघू. मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता होते. नोकरीभर सिमेंटचेच पूल बघितले, पण पायवाटा तुडवताना साकवही पुष्कळ ओलांडले. सोट, म्हणजे काठापासून काठापर्यंत टाकलेला ओंडका, ऐन मध्यावर मोडलेला साकव क्वचितच दिसला. टोकं कुजून बसलेले आणि काठ खचून कलंडलेले मात्र दर पावसाळ्यानंतर दिसायचे. म्हणून या लिहिण्यात काठ जास्त आहे आणि माड कमी.

आधी मर्यादा सांगते. इथे सांगितलेला साकव माणसांसाठी आहे, फार तर डोक्यावर भारा घेतलेल्या माणसांसाठी. मोटरसायकल नाही, गुरं नाहीत. सोटाची टोकं ज्यांवर टेकतात त्या बैठकींमधला गाळा, म्हणजे मोकळं अंतर, साडेचार मीटरपर्यंत आणि खालची खोली पुरुषभर उंचीच्या आत. गाळा याहून मोठा असेल, किंवा शाळेची मुलं भर पावसात त्यावरूनच जाणार असतील, तर लाकडाचा नाद सोडा. ग्रामसभेत ठराव घ्या आणि पक्क्या साकवासाठी जिल्हा परिषदेच्या मागे लागा. त्याला वेळ लागतो हे मला कुणी सांगायला नको, पण पर्याय नाही. आपला लाकडी साकव भातकापणी आटोपून व्हाळाचं पाणी उतरलं की घालायचा आणि मृगाच्या आधी काढायचा.

जागा निवडताना सगळ्यांचा डोळा अरुंद ठिकाणावर जातो, कारण तिथे लाकूड कमी लागतं. पण व्हाळ जिथे अरुंद होतो तिथे पाणी जोरात धावतं आणि तळ उकरतं. वळणाचंही तसंच. वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाह काठ खात असतो, आतल्या अंगाला वाळू टाकत असतो. म्हणजे एक बाजू दर वर्षी मागे सरकणार आणि दुसरी मऊच राहणार. तेव्हा सरळ वाहणारा तुकडा शोधा, दोन्ही काठांना कातळ किंवा घट्ट तांबडी माती असेल असा. पाऊण मीटर जास्त लाकूड लागलं तर लागू दे.

पुराची पातळी कुठल्या कागदावर मिळणार नाही, ती झाडांवर मिळते. काठच्या करंजाच्या फांद्यांत पालापाचोळा, काटक्या, प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात. त्यातली सर्वांत वरची पिशवी बघा. शिवाय व्हाळावर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारा. कोणता दगड कधी बुडाला हे त्यांच्याइतकं नेमकं कुणाला ठाऊक नसतं. या खुणेच्या वर निदान अर्धा मीटर सोटाचा तळ राहिला पाहिजे. काठ बुटका असेल तर बैठक उंच करा आणि चढायला दोन पायऱ्या द्या.

दोन्ही काठांच्या मालकांचा होकार लाकूड आणायच्या आधी घ्या. सगळ्या कामात हा भाग सर्वांत अवघड, आणि त्याला माझ्याकडे कोणतंही सूत्र नाही.

आता बैठक. काठाच्या अगदी कडेवर ओंडका ठेवला की कडेची माती दाबाने सुटते. म्हणून कडेपासून निदान पाऊण मीटर मागे सरा आणि तिथे खड्डा घ्या. सव्वा मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद. खोली कातळ किंवा पहारीला टणक लागेल अशी माती येईपर्यंत, पण साठ सेंटिमीटरच्या आत थांबू नका. तळाला दगडाची खांडकी घालून धुम्मसाने ठोकून घट्ट करा. त्यावर चिऱ्याचे, म्हणजे तांबड्या जांभा दगडाच्या ठोकळ्यांचे, दोन थर, एक सिमेंटला सहा वाळू या मालात, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ न देता. वरचा माथा जमिनीच्या वीतभर वर आला पाहिजे. दोन्ही काठांचे माथे एका पातळीत आहेत ना, ते पाणी भरलेल्या लेव्हल पाइपने बघा, नजरेने नाही. व्हाळाकाठी उताराची जमीन डोळ्याला हमखास फसवते. पाइपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पाइपही फसवतो, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी जुळतंय का बघा.

पाणी बैठकीला पुढून क्वचितच पाडतं, खालून पोखरतं. मुंबई–गोवा महामार्गावरचा महाडजवळचा सावित्रीचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. ब्रिटिशांच्या काळातला कमानींचा पूल, वरून वाहनं नेहमीसारखी चालली होती, आणि एस.टी.च्या गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. वर रस्ता शाबूत दिसतो तेवढ्याने खालचा पाया शाबूत ठरत नाही. आपल्या व्हाळाला सावित्रीचा जोर नाही, पण पाण्याची रीत तीच. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. म्हणून दोन्ही बैठकींच्या पुढे, काठाच्या उतारावर, दगडांचं पिचिंग करा, म्हणजे दगड एकमेकांत घट्ट बसवून उतार झाका. एकट्या माणसाला उचलणार नाहीत असे दगड घ्या. पिचिंगची सुरुवात तळाशी चर खणून त्यात सर्वांत मोठे दगड पुरून करा, नाहीतर पहिल्या लोंढ्यात तळचा दगड सरकतो आणि त्यामागून सगळे उतरतात. वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, पिचिंग दीड मीटर पुढपर्यंत न्या.

एवढं झालं की माडाकडे वळायला हरकत नाही.

माडच का? कारण तो आपल्याकडे आहे. ऐन, किंजळ ही लाकडं टिकायला कितीतरी सरस, पण ती १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात. वनखात्याच्या परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नका. कुणाच्या जुन्या घराचे ऐनाचे वासे निघाले असतील तर मात्र सोडू नका. माड घ्यायचा तर म्हातारा घ्या, साठीच्या पुढचा, फळ कमी झालेला. त्याचा बुंध्याकडचा भाग वापरा, शेंड्याकडचा तिसरा हिस्सा सरपणाला टाका. माडाचं खोड इतर झाडांच्या उलट असतं. टणकपणा बाहेरच्या कवचात, गाभा भुसभुशीत. म्हणून फळ्या बसाव्यात म्हणून वरून सपाट तासायचा मोह होतो तो आवरा. दोन सेंटिमीटर तासलं तर दोन सेंटिमीटर चांगलं लाकूड गेलं, आणि गाभा उघडा पडून पाणी प्यायला मोकळा झाला. खालच्या अंगाला तर वाकस, म्हणजे तासायचं हत्यार, लावूच नका. सोटावर वजन आलं की वरचे धागे दाबले जातात आणि खालचे ताणले जातात. खालच्या अंगावर मध्याजवळ पडलेली खाच म्हणजे तडकण्याची सुरुवात.

तोडण्याआधी कोयत्याच्या पाठीने खोड खालून वर ठोकत जा. भरीव आवाज मध्येच बद्द झाला तर तिथे पोकळ आहे. भोकं आणि त्यातून तपकिरी चीक गळताना दिसला तर तो सोंड्या भुंगा. तो माड साकवाला नको.

हिशेब किती माणसांचा करायचा? रोज एक-दोन माणसं जातात, तेवढ्यावर जाऊ नका. शिमग्यात देवाची पालखी साकवावरून पलीकडच्या घरांना जाते, मागे ढोल, मागे अख्खी वाडी. त्या पाच मिनिटांसाठी साकव बांधायचा असतो. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार माणसं गेली. गर्दी सांगून येत नाही. म्हणून चौरस मीटरला चारशे किलो धरा. साकव एक मीटर रुंद आणि गाळा साडेचार मीटर, म्हणजे अठराशे किलो, वर लाकडाचं स्वतःचं वजन पाचशेच्या आसपास. एवढ्याला बारीक टोकाशी वीस सेंटिमीटर व्यासाचे तीन सोट पुरतात. पूर्ण गर्दीतही ते साधारण दीड सेंटिमीटर वाकतील, जास्त नाही.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामागचं लक्षात ठेवा. सोटाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. वीसच्या जागी पंचवीस सेंटिमीटरचा सोट मिळाला तर तो जवळजवळ दुप्पट वजन पेलतो. उलट गाळा साडेचारवरून सहा मीटर केला तर मधल्या वजनाखाली तोच सोट सव्वादोन पटीहून जास्त वाकतो. "थोडासा तर लांब आहे" असं कुणी म्हणालं की हे ऐकवा.

मला हिशेबापेक्षा परीक्षा आवडते, कारण दोन माड सारखे नसतात. सोट सोलून निदान महिनाभर सावलीत, जमिनीपासून उचलून वाळू द्या. मग अंगणात साडेचार मीटर अंतरावर चिऱ्यांचे दोन गुडघाभर उंचीचे ओटे रचा आणि त्यांवर सोट ठेवा. दोन्ही टोकांना, टेकूच्या बरोबर वर, सोटाच्या कुशीत एक-एक खिळा मारून त्यांत दोरा ताणून बांधा. मध्यावर दोऱ्यापाशी पेन्सिलने खूण करा. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरली की साधारण पन्नास किलो होते. अशा सहा गोणी मध्यापाशी दोरीने टांगा, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, म्हणजे काही झालं तरी पडायला जागा नाही. सोटाखाली पाय घालू नका, मुलांना लांब ठेवा. चांगला सोट नऊ-दहा मिलिमीटर झुकतो. पंधराच्या पुढे गेला तर तो साकवाला नको, गोठ्याच्या कामी लावा. अर्ध्या तासाने गोणी काढा. खूण दोऱ्यापाशी परत आली पाहिजे. आली नाही तर आतले धागे दुखावलेत. करकर ऐकू आली तर पुढचं मोजायचीही गरज नाही.

टोकांवर आता औषध. लाकूड कुजतं ते बुरशीने, आणि बुरशीला पाणी लागतं, हवा लागते. दोन्ही नसेल तर लाकूड कुठेही टिकतं. २०२४ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठाने लिग्नोसॅट नावाचा लाकडी उपग्रह अंतराळात पाठवला. दहा सेंटिमीटरचा चौकोनी डबा, होनोकी नावाच्या झाडाच्या फळ्यांचा, आणि त्या फळ्या स्क्रू किंवा सरस न वापरता जुन्या जपानी सुतारी सांध्यांनी जोडलेल्या. आमच्या मेस्त्रींना मी तो फोटो दाखवला तर त्यांनी पहिल्यांदा सांधा मोठा करून बघितला. वर ना पाणी, ना हवा, त्यामुळे कुजण्याची चिंता नाही. आपल्याला मात्र कोकणात राहायचंय. माडाचं लाकूड मातीला टेकलं तर दोन-तीन पावसाळ्यांत टोक हाताने कुस्करता येतं.

तेव्हा कापलेल्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल पाजा. होड्यांना लावतात तेच. हातमोजे घालूनच लावा, कातडी भाजते. दोन हात द्या, पहिला मुरल्यावर दुसरा. टोकाकडचा मीटरभर भागही माखा. डांबर लावायची सवय पुष्कळांना आहे. ते वाळलेल्या लाकडाला ठीक. ओल्या सोटाला डांबर फासलंत तर आतलं पाणी आतच कोंडून ठेवलंत, बाहेरून काळाभोर आणि आतून खत.

साडेपाच मीटरचा सोट दीडशे-दोनशे किलो भरतो. आठ माणसं लागतील. पलीकडच्या काठावरून दोर लावून ओढा, अलीकडून पहारीने टेकू द्या, आणि ओढताना व्हाळात कुणी उभं राहू नका. सोटाला उपजत थोडा बाक असतो; फुगीर बाजू वर करा. तिन्ही सोटांचे बुंधे एका काठाला नकोत, मधल्याचा उलटा ठेवा, म्हणजे जाडी सारखी विभागते. सोट वीस सेंटिमीटरचे आणि मधल्या फटीही वीस, असा मीटर भरतो. प्रत्येक टोक बैठकीवर निदान पंचेचाळीस सेंटिमीटर टेकलं पाहिजे. चिऱ्यावर थेट न टेकवता खाली काळ्या दगडाची चपटी लादी द्या. चिरा पाणी शोषून धरतो. सोट गडगडू नये म्हणून दोन्ही अंगांनी लाकडी पाचरी ठोका.

आणि इथे सगळे करतात ते करू नका. सोटाच्या तोंडाशी माती भरून पायवाट सपाट करणं. दिसायला छान, चालायला सोयीचं, आणि टोकाचा घात. तोंडामागे हातभर जागा मोकळी सोडा, वारा खेळू दे. वरून एक फरशी टाकली की पाऊल सहज पडतं.

तिन्ही सोट एकत्र बांधायला खालून तीन आडवी लाकडं द्या, दोन टोकांजवळ आणि एक मध्यावर. ही आडवी दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर बाहेर काढा, कारण कठड्याचे तिरके टेकू त्यांवर येणार आहेत. सोटाला भोक पाडून बोल्ट घालण्यापेक्षा नायलॉनच्या दोराने किंवा जस्ताच्या तारेने आवळा. भोक पाडणं भागच असेल तर ते सोटाच्या उंचीच्या मध्यावर, गिरमिटाने, आणि वायसर मोठा घ्या.

वर चालायला पोफळीच्या फाट्या, म्हणजे चिरलेल्या खोडाच्या पट्ट्या, आडव्या, बोटभर फट ठेवून, म्हणजे पाणी खाली जातं. फाट्या उभ्या, साकवाच्या लांबीने टाकू नका. पाय घसरला की थांबायला काही नसतं. दवाने त्या निसरड्या होतातच, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणून ठोका. दिसायला बरी नाही. घसरून पडण्यापेक्षा बरी.

कठडा दोन्ही बाजूंना हवा, एकीकडेच नको. उंची एक मीटर, मध्ये एक आडवी काठी मुलांसाठी. खांब बाहेरच्या सोटाला नुसता बांधला तर टेकणाऱ्या माणसासकट बाहेर जातो. बाहेर काढलेल्या आडव्याच्या टोकापासून खांबाच्या मानेपर्यंत तिरका टेकू द्या. झाल्यावर स्वतः कमरेने रेटून बघा. आधी दुसऱ्याला रेटायला सांगू नका.

अवकाळीची एक तजवीज. वळवाने अचानक लोंढा आला तर साकव जागेवर टिकेलच असं नाही. एका काठाला प्रत्येक सोट जाड दोराने बैठकीमागच्या जित्या झाडाला बांधा, दुसऱ्या काठाला नुसत्या पाचरींवर ठेवा. पाणी चढलं तर सुटं टोक उचललं जातं आणि सोट फिरून काठाला लागतो, खाली वाहून जाऊन कुणाच्या बंधाऱ्यावर आदळत नाही. दोन्ही टोकं बांधली तर मध्ये कचरा अडकत जातो आणि सगळा रेटा तुमच्या बैठकींवर येतो.

शिमग्याच्या आधी एकदा तपासणी करा. पेचकस घेऊन सोटांच्या टोकांना आणि लादीवर टेकलेल्या भागाला खुपसा. सेंटिमीटरभर सहज आत गेला तर तो सोट पालखीच्या आधी बदला. पालखी आली की ढोल अलीकडच्या काठावर थांबवा, माणसं पाच-पाच करून सोडा. तालावर पाय पडले की साकव हलायला लागतो आणि वजनाचा हिशेब तिथे पुरत नाही.

बदलायची वाट न बघता दर वर्षी एक सोट नवा घाला. सोटाच्या तोंडावर वर्षाचा आकडा कोरा. तीन सोट, तीन वर्षांचा फेरा. तिसरा पावसाळा बघितलेलं माडाचं लाकूड साकवावर राहतच नाही, आणि एका वर्षी तीन माड मागत फिरावं लागत नाही.

मृग जवळ आला की आधी जाळी, मग फाट्या, मग कठडा, शेवटी सोट. प्रत्येक सोटावर तेलरंगाने आकडा आणि "वरची बाजू" लिहा, पडवीत चिऱ्यांवर आडवे ठेवा, वरून शाकार नको, वारा हवा. वायसर, तारा आणि पाचरी एका डब्यात. तो डबा एकाच घरी ठेवायचा आणि कुणाच्या ते उतरवायच्या दिवशीच ठरवायचं, कारण दिवाळीत साकव अडतो तो पाचरींवाचून.